कड कट कट म्हणजे हो

आमच्या काकांनी लढाईत काय केलं, असं पेडगावात कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं: बोटीवर भाकऱ्या थापल्या. हे उत्तर काकांनीच गावाला दिलं होतं. नौदलातून परत आले तेव्हा पारावर लोकांनी गराडा घातला, आणि ते म्हणाले, मी खानसामा होतो. झालं. तेव्हापासून गावात लग्न असो, बारसं असो की तेरावं, मोठ्या पातेल्यापाशी काकांना बोलावणं यायचं. त्यांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. काकूनं घरी बसवून त्यांना वरण शिकवलं, तरी ते एक तर आळणी व्हायचं नाही तर खारट. "गोऱ्यायनी देश का सोडला ते आता कळायलंय," असं एक म्हातारा भर पंगतीत म्हणाला. काकांनी त्याच्या पानात आणखी एक पळी वाढली आणि पुढे गेले.

मी त्यांची पुतणी. त्या वर्षी मी माहेरी परत आले होते. सासर देवगाव फाट्याच्या बाजूला. नवऱ्यानं दुसरी केली. तेव्हा त्याला कायद्यानं मनाई नव्हती. दुसरीशी माझं भांडण नव्हतं, ती गरीब होती. पण एका चुलीला दोघींनी आळीपाळीनं फुंकर घालायची ही व्यवस्था मला मान्य नव्हती, म्हणून मी चार लुगडी बांधली आणि निघून आले. सासरचे गप्प बसणारे नव्हते. कापूस वेचणीला आला की त्यांना हात हवे होते. चुलत सासरे चार माणसं घेऊन आले, ओसरीत बसले, आणि लेक नांदायला पाठवा म्हणाले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आत विचारलं. मी म्हणाले, मला नोकरी करायची आहे.

नोकरी कसली, हा प्रश्न होताच. मी परभणीला आत्याकडे राहून मॅट्रिक झाले होते, पण सगळं शिक्षण उर्दूत. निजामी गेली आणि शाळा मराठी झाल्या. माझं उर्दू चांगलं, मराठी घरचं, आणि इंग्रजी कामचलाऊ. शाळेत मला कुणी विचारेना. तेवढ्यात मानवतच्या पोस्टमास्तरांनी दादांना बाजारात सांगितलं की निजामी टपाल जाऊन नवं खातं आलं आहे, तारेच्या कामाला माणसं हवीत, बाया चालतील, मॅट्रिक पाहिजे आणि परीक्षेत कान टिकला पाहिजे. दादा बाहेर गेले आणि पाहुण्यांना म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबा. पोरगी परभणीच्या तारेच्या परीक्षेला बसेल. पास झाली तर तिचं ती बघेल. न्हाई झाली तर शिलंगणाच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन या, मी स्वतः बसवून देतो.

दादा शब्दाचे पक्के होते. माझ्या बाजूनं ही चांगली गोष्ट होती आणि वाईटही.

पोस्टमास्तरांनी एक छापील कागद दिला होता. त्यावर इंग्रजी अक्षरं आणि प्रत्येकासमोर ठिपके आणि रेघा. आखूड आवाजाला कट म्हणायचं आणि लांब आवाजाला कड, एवढं त्यांनी तोंडी सांगितलं. ए म्हणजे कट कड. बी म्हणजे कड कट कट कट. मी दळताना, निवडताना, शेण सारवताना ते पाठ केलं. आठवड्याभरात कागद पाठ झाला, पण कागद पाठ होणं म्हणजे कान तयार होणं नव्हे. वाजवून दाखवणारं कुणी हवं होतं, आणि अख्ख्या गावात तारेचं यंत्र पाहिलेला माणूस नव्हता. असं मला वाटत होतं.

काकांना एक खोड होती. बसले की बोटं चालायची. पाटाच्या कडेवर, तांब्यावर, पळीच्या दांड्यावर. नखाची टिचकी मारायचे, मग बोटाचं पेर जड टेकवायचे. घरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती. काकू म्हणायची, यांच्या हातात भुंगा शिरलाय. मीही लहानपणापासून तो आवाज ऐकत होते, पण कागद पाठ झाल्यावर तो वेगळा ऐकू यायला लागला. नख म्हणजे कट. पेर म्हणजे कड.

मी मनात अक्षरं लावू लागले. लागेनात. एल व्ही. एन एल. नुसताच डी. मधूनच चार वेळा पेर, कड कड कड कड, आणि असं अक्षर तर कागदावर नव्हतंच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, म्हाताऱ्याची खोड आहे, सोडून दे. मला सोडवेना, कारण ते तेच तेच परत यायचं आणि जागच्या जागी यायचं. खोड जागा बघून येत नसते.

मग मी अक्षरं सोडली आणि जागा बघायला लागले. काकूनं भाकरी वाढू का विचारलं आणि काकांना हवी असली, की ते मान डोलवायचे आणि एकच अक्षर वाजायचं: कड कट कट. नको असली की कट कड कट, आणि मागून चार जड ठोके. जेवण संपत आलं की कड कट, कट कड कट कट. आणि थोड्या वेळानं ते तोंडानं ताक मागायचे. काकू दारातून आत येताना दिसली की पुन्हा तेच कट कड कट कट पहिलं, मागून दुसरं काहीतरी. मी चुलीपुढे बसून विचार केला. ताक या शब्दात क शेवटी आहे. काकू या शब्दात क आधी आहे. म्हणजे कट कड कट कट हा एल नव्हे, क आहे. मग कड कट म्हणजे ता. एकटाच वाजणारा डी म्हणजे हो. आणि नको म्हणजे दोन अक्षरं, न आणि को. त्या चार जड ठोक्यांचा को. हे इंग्रजी नव्हतंच. आपल्या बाराखडीसारखं, एकेका अक्षरात पूर्ण आवाज असलेलं काहीतरी होतं, आणि काका त्यात मराठी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले. काकू परसात गेली होती. भाकरी संपत आल्यावर मी समोरच्या तांब्यावर नखानं आणि पेरानं वाजवलं: कड कट, कट कड कट कट. ताक.

त्यांचं बोट पाटावर चाललं. कड कट कट.

मग ते बोट तिथंच थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हात न धुता उठले. मला वाटलं आता मारतात. ते दारापर्यंत जाऊन परत आले.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई."

"खोटं बोलू नको. हे सांगणारं माणूस या मुलखात न्हाई."

"तुमच्या बोटायनी सांगितलं, काका. तुमी काय खानसामा न्हाईत."

ते खाली बसले. मग म्हणाले, मी कागदावर सही केलेली आहे. लढाईत काय केलं ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मी म्हणाले, गोरा तर गेला, आता कुणाची चोरी? त्यावर ते जे बोलले ते मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी वापरलं आहे. ते म्हणाले, "सही मी केली. गोऱ्यानं न्हाई."

मग मीही अडून बसले. मी म्हणाले, सांगू नका. तुमी काही सांगितलेलं न्हाई. मी ऐकलं. ऐकायला मला कुणी सही करायला लावलेलं न्हाई. आता दसऱ्याच्या आत मला इंग्रजी तार ऐकायला शिकवा, न्हाई तर दादा मला गाडीत बसवतील.

काकांनी हात धुतले. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, एक पत्र्याची पट्टी आण.

पट्टी एका फळीवर एका टोकाला ठोकली. दाबली की टिच, सोडली की टिच. दोन टिचक्यांमधलं अंतर आखूड असलं तर कट, लांब असलं तर कड. खरं यंत्रही असंच बोलतं, असं त्यांनी सांगितलं आणि ते बरोबर निघालं. रोज सकाळी जनावरांचं झालं की आम्ही गोठ्याशेजारच्या खोपीत बसायचो. शेजारणी कुडाला कान लावायच्या. एकीनं काकूला विचारलं, खानसाम्यानं पुतणीला सुपाऱ्या फोडायला बसवलं का? काकू म्हणाली, हो, तुझ्या वाटणीच्या फोडायलेत.

काका आता नाहीत. सही त्यांची होती, माझी नव्हती, म्हणून त्या खोपीत जे तुकड्या-तुकड्यानं कळलं ते मी लिहिते. लढाईच्या काळात ते सिंहलद्वीपच्या किनाऱ्याला एका लाकडी खोलीत कानाला यंत्र लावून बसत. समुद्रावरच्या जपानी बोटी एकमेकींशी बिनतारी बोलत, ते ऐकून उतरवून घ्यायचं हे काम. जपान्यांच्या तारेत एक ठोका-समूह म्हणजे एक पूर्ण आवाज. क, न, र, हो, को. त्यातले पुष्कळ आवाज आपल्या बाराखडीतलेच, म्हणून इतरांना महिने लागले तिथे काकांना ते लवकर आलं. भाषा मात्र त्यांना एक शब्द येत नव्हती. बरेचदा तर आवाजही नसत, नुसते आकडे. उतरवलेला कागद शेजारच्या खोलीत जायचा. तिथे पेन्सिली घेऊन बसलेली माणसं होती, त्यांत बायाही होत्या. ती माणसं त्या आकड्यांतून शब्द काढायची. आत काय निघालं ते बाहेरच्या खोलीला कधी सांगत नसत.

मी विचारलं, कसं काढत असतील?

"तू काढलंस तसं," काका म्हणाले. मग आपण किती सांगतो आहोत याचा अंदाज घेत म्हणाले की रोज ठरल्या वेळी एक बोट हवामान सांगायची. हवामान म्हटलं की वारा आलाच, आभाळ आलंच. कुठला शब्द तिथे असायलाच पाहिजे हे ओळखलं, की भिंतीची एक वीट निघाली. एक निघाली की दुसरी हलते. माझ्या ताकाचं तेच झालं होतं.

बोटी आपली नावं सारखी बदलायच्या, ऐकणाऱ्याला फसवायला. पण पाठवणाऱ्याचा हात बदलत नाही. एकजण दोन अक्षरं एकमेकांना चिकटवायचा, एकजण प्रत्येक ओळीआधी अडखळायचा. नाव नवं असलं तरी हात तोच, म्हणून बोट तीच, आणि काल तिकडे होती ती आज इकडे आली, एवढं शब्द न कळताही कळायचं. तो अडखळणारा काकांनी वर्षभर ऐकला. एक दिवस तो आला नाही. पुढे कधीच आला नाही. तो मेला की बदली झाली, मी विचारलं. काका म्हणाले, मला ठाऊक न्हाई, आणि पट्टी माझ्यापुढे सरकवली.

शिकवताना त्यांचा एकच नेम होता. अर्थ लावायचा नाही. "जे वाजलं ते लिही. काय वाजायला पायजे होतं ते लिहू नको." माझं इंग्रजी कच्चं आहे याची मला लाज वाटत होती. ते म्हणाले, तेच बरं आहे. भाषा पक्की असलेला माणूस अर्धा शब्द ऐकतो आणि उरलेला मनानं भरतो. तो भरलेला अर्धा पुढे कुणाला तरी बुडवतो.

अडचण निराळीच निघाली. ताकाच्या नादात मी काकांची ती दुसरी बाराखडीही थोडी उचलली होती, आणि आता ती मध्ये यायला लागली. डी वाजला की माझ्या हातून "हो" लिहिला जायचा. एन वाजला की "ता". एकदा इंग्रजी ओळीच्या मधोमध मी देवनागरीत "हो ता" लिहून ठेवलं. काकांनी वाचलं आणि ते हसले नाहीत. त्यांच्या खोलीतही हे झालं होतं, इंग्रजी आणि जपानी दोन्ही ऐकणाऱ्यांना कधी कधी एकही धड ऐकू येईनाशी व्हायची. उपाय एकच, एक पुरती बंद करायची. म्हणजे घरात काकांची बोटं बंद झाली पाहिजेत. ते त्यांच्या हातात नव्हतं. मग मी काकूला हाताशी धरलं. तिला कारण सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. काकांचं बोट वळवळलं की ती त्यांच्यापुढे निवडायला धान्याचं सूप ठेवायची. त्या दोन महिन्यांत काकांनी घरातली सगळी तूर, सगळे हरभरे आणि शेजारणीचे गहूही निवडून दिले. पारावर त्यांची नव्यानं टिंगल सुरू झाली. पण माझा डी पुन्हा डी झाला.

परीक्षा परभणीला, नवरात्रात झाली. एका लांब खोलीत आम्ही दहा-बाराजण होतो, बाई मी एकटी. परीक्षक यंत्रापाशी बसले. बाजूला खुर्चीत वरचे एक वयस्क अधिकारी होते, डोळे मिटून बसलेले. परीक्षकांनी बजावलं की तार चालू असताना कुणी बोलायचं नाही, काही विचारायचं नाही. मग यंत्र सुरू झालं. पहिल्या तारेत मी मागे पडले, दुसरीत कान बसला. तिसरी तार मानवतच्या कापसाची होती. मी मानवत लिहायला हात उचलला आणि कानावर आलं एम, पी, डब्ल्यू, ए, टी. ए आणि एन त्यांनी इतके जवळ वाजवले की दोन्ही मिळून पी झाला. मानवत कुणाला ठाऊक नाही? तरी मी पी लिहिला. पुढे दोन ठिकाणी तसाच जोडलेला आवाज आला. तिथेही पी लिहिला.

कागद गोळा झाले. परीक्षकांनी माझा उचलला आणि वाचून दाखवला. सगळी खोली हसली. "बाई, तुम्ही या जिल्ह्यातल्याच ना? मानवतचं नाव लिहिता येत नाही?"

मी उभी राहिले. मी म्हणाले, नाव मला येतं, पण तुम्ही ते पाठवलं नाही. ए आणि एनमध्ये तुम्ही जागा सोडत नाही. त्याचा पी होतो.

ते संतापले. इतक्या जणांनी मानवत लिहिलं आहे, ते सगळे बहिरे का, असं म्हणाले. मी म्हणाले, ते शहाणे आहेत, त्यांनी ओळखलं. मी फक्त ऐकलं. तुम्ही पुन्हा पाठवा, मुद्दाम काळजी न घेता, नेहमीसारखं.

खुर्चीतल्या अधिकाऱ्यांनी डोळे उघडले. त्यांनी परीक्षकांना एक वर्तमानपत्र दिलं आणि कुठलाही मजकूर वाजवा म्हणाले. यंत्र सुरू झालं. परीक्षकांनी पहिल्या ओळीत जपून वाजवलं. दुसऱ्या ओळीत हात नेहमीच्या चालीवर आला, आणि एका 'अँड'चं पी-डी झालं. अधिकाऱ्यांनी हात वर करून यंत्र थांबवलं.

मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मऊ नव्हता. "तार घेताना शंका आली तर परत मागायची असते. तशीच चुकीची लिहून लोकांच्या हातात द्यायची नसते. तुम्ही का नाही मागितली?"

"मध्ये बोलायचं न्हाई असं साहेबांनी सांगितलं होतं."

ते थोडं हसले असावेत, मला नक्की सांगता येत नाही. त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि बसा म्हणाले.

नेमणुकीचा हुकूम दसऱ्याच्या आधी आला. मानवतचं पोस्ट, तारेच्या टेबलावर. काकांना दाखवला तेव्हा ते तूर निवडत होते. त्यांनी वाचला, सूप बाजूला ठेवलं, पाटाच्या कडेवर बोटं मोकळी सोडली, आणि मी निघेपर्यंत पुन्हा सुपाला हात लावला नाही.

शिलंगणाच्या दुसऱ्या दिवशी चुलत सासरे बैलगाडी घेऊन आलेच. दादांनी हुकूम त्यांच्या हातात दिला. तो इंग्रजीत होता, त्यांनी उलटा धरून बघितला. "बाईमाणूस तारेवर बसून काय करणार?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, ते तिला विचारा. मी म्हणाले, मामंजी, जेवून जा, आणि माझ्या लग्नातली भांडी तेवढी परत पाठवा. त्यांनी जेवण केलं, भांड्यांचं ऐकलं न ऐकलं केलं आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

भांडी महिन्याभरानं आली, पण दादांनी दिलेलं तांब्याचं घंगाळ त्यात नव्हतं. निरोप पाठवले. उत्तर नाही. मानवतला मी एक खोली घेतली होती, थंडी सुरू झाली होती, आणि आंघोळीच्या ऊन पाण्याला मला घंगाळ पाहिजे होतं. मग एका सकाळी पोस्टमास्तरांना सांगून, रीतसर पैसे भरून, मी स्वतःच्या हातानं सासरच्या गावाजवळच्या सेलूच्या पोस्टाला तार वाजवली. मजकूर दोन शब्दांचा होता: घंगाळ पाठवा. इंग्रजी लिपीत.

त्या काळी खेड्यात तार म्हणजे कुणीतरी गेलं. टपालवाला दारात उभा राहिल्याबरोबर, असं मला नंतर कळलं, सासूबाईंनी कपाळ बडवायला सुरुवात केली, आळीतल्या बाया धावत आल्या. वाचता येणारा मास्तर शेजारच्या वाडीत. तो येईपर्यंत घरानं तीन-चार नातेवाईक मनातल्या मनात पोहोचवले होते. मास्तरानं वाचलं, परत वाचलं, आणि विचारलं, घंगाळ कोण?

दुसऱ्याच दिवशी चुलत सासरे स्वतः मानवतला आले. पोस्टाच्या पायरीवर घंगाळ आपटून ठेवलं. "असं करत असतेत का?" ते म्हणाले. "माणसं मेली असती ना भ्यानं."

मी म्हणाले, नीट उतरवून घेतली ना तार? मग झालं.

घंगाळाला वाटेत पोचा पडला होता. तो तांबटाकडून ठोकून घेतला आणि त्याच संध्याकाळी त्यात ऊन पाणी घेतलं.